सायलीच्या डोक्यासाठी उपवास

डोकं सायलीचं, पण ते का दुखतं हे सांगायचा हक्क अख्ख्या सायखेड्याला! कुणी म्हणायचं, मोबाईल बघते. कुणी म्हणायचं, तेल लावत नाय, केस मोकळे सोडते. एकीनं तर माझ्यासमोर सांगितलं, लग्न झालं की आपोआप थांबतं. मी म्हणलं, "बाई, माझं तर लग्न झाल्यावरच सुरू झालं!"

सायली म्हणजे माझ्या भावाची, गोरक्षची पोरगी. बावीस वर्षांची. शहरात गंगापूर रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. रोज सायखेड्याहून बसनं यायचं, द्वारका चौकात उतरून दुसरी गाडी धरायची. तिथंच मी फुलं विकायला बसते, म्हणून तिचा उतरलेला चेहरा आधी मला दिसायचा. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाय, पोटात मळमळायचं. तशीच जायची बिचारी.

आता माझ्या भावजयीचा, सुवर्णाचा इलाज ऐका. पोरीचं डोकं दुखायचं थांबावं म्हणून तिनं पोरीलाच सोमवार धरायला लावले. तेही कडक. दिवसभर नुसता चहा, संध्याकाळी घरी गेल्यावर ताट. दुखणं थांबेना, म्हणून गुरुवार जोडला. तरी थांबेना, म्हणून शनिवार! दुखणं हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला, त्यातली गत. बाकीच्या दिवशीही बसच्या घाईत पोरगी उपाशीच निघायची, अन् मेडिकलमधली डोकेदुखीची गोळी चहाबरोबर गिळायची. रोज!

अन् माझा भाऊ? त्यानं एक दिवस फर्मान काढलं. "डोकं दुखतंय ना, मग नोकरी बंद. हा महिना संपला की घरी बस. स्थळं बघायला लागू." एवढं शिकून पोरगी पायावर उभी राहिली, अन् हा एका वाक्यात तिला खाली बसवतो! सायली माझ्याजवळ येऊन फुलांच्या पाट्यांआड रडली. म्हणाली, "आत्या, आज नोकरी काढून घेतील. घरी बसूनही डोकं दुखलं, तर मग काय काढून घेतील?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारणीला फुलं सांभाळायला सांगितली अन् तडक तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बीपी बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय बधिर होतात का, दिसायला अंधुक होतं का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. मग विचारलं, "तू जेवतेस कधी?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न एकाही शहाण्याला सुचला नव्हता!

सायलीनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे मायग्रेन आहे. उपवासानं सगळ्यांचंच डोकं दुखत नाही, पण तुझं दुखतं. आणि गोळी रोज घेतलीस की ती गोळीच डोकं दुखवायला लागते." वेळेवर खायचं, पाणी प्यायचं, चहा कमी, झोप पुरी. रोजची गोळी बंद, दुखणं कमी यावं म्हणून वेगळं औषध. "लगेच थांबणार नाही, पण आटोक्यात येईल. नोकरी सोडायची काही गरज नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

सोमवारी मी सायखेड्याला गेले. सायली भाजीभाकर खाऊन कामावर गेली होती अन् सुवर्णा डोळे पुसत बसली होती. "व्रत मोडलं हो, वन्सं! आता पोरीला आणखी काय भोगावं लागतंय!" मी म्हणलं, "मोडलं कुठं? आजाऱ्याचं व्रत घरच्या माणसानं पुरं करायची रीत हाय ना आपल्यात? तिच्या बापाला धरू दे." गोरक्ष ओट्यावर चार माणसांत बसलेला. मागं कसा हटणार! मिशीवर हात फिरवून म्हणाला, "त्यात काय एवढं? आजचा मी करतो. चहासुद्धा नको."

दुपारपर्यंत गडी टोमॅटोच्या वावरात ऐटीत होता. उन्हं कलली तसा घरी आला अन् डोक्याला उपरणं करकचून बांधून आडवा झाला. भांडं वाजलं तरी खेकसायचा. सुवर्णा भिऊन कोपऱ्यात उभी.

मी जवळ जाऊन विचारलं, "लय दुखतंय?"

"फुटतंय गं आक्का."

"मग शेती बंद कर. घरी बस."

तो ताडकन उठला. "तुझं डोकं फिरलं का? शेती कशापायी बंद करू? पोटात काय नाय म्हणून दुखतंय! ताट वाढा आधी!"

बोलून गेला अन् मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. दारात सायली उभी होती, खांद्यावर ऑफिसची पिशवी तशीच.

"आण्णा, तुमचं दुखलं की ताट वाढायचं," ती म्हणाली, "अन् माझं दुखलं की नोकरी काढून घ्यायची?"

आवाज चढवला नाय पोरीनं. गोरक्षनं उपरणं सोडलं, हातात चुरगळलं. पोरीकडं बघायची हिंमत त्याला होईना.

"सुवर्णा," शेवटी तो म्हणाला, "आधी तिला वाढ. सकाळी कामाला जायचंय तिला."