खुर्चीत उतरलेलं प्रेशर

शुक्रवारी सकाळी आखातातल्या वादी कबीरच्या त्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. हॉलमध्ये सलूनची खुर्ची, खुर्चीमागे बबनजी. डोक्यावर हात ठेवून ते पाच मिनिटांत प्रेशर उतरवत. मनगटाला बांधायचं साधं यंत्र, आकडा सगळ्यांसमोर. शंका घ्यायची तरी कशी?

“अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं प्रेशर हॉस्पिटलात हटेना,” बबनजी सांगत, “उतरलं न्हाव्याच्या खुर्चीत. डोक्याला हात लागला की रक्त निवतं.”

आईसोबत आलेल्या रचनाने तो प्रयोग वाचला होता. दवाखान्यांवरचा विश्वास उडावा असंच तिथे काळ्यांशी वागलं गेलं होतं. म्हणून औषध देणारेच त्यांच्या ओळखीच्या न्हाव्याकडे जाऊन बसले. प्रेशर उतरलं ते गोळ्यांनी. बबनजींनी खुर्ची तेवढी ठेवली, गोळ्या गाळल्या.

हे तिने बाबांना, प्रेमानंदांना, परोपरीने सांगितलं होतं. “आकडा खोटं बोलत नाही,” एवढंच ते म्हणाले आणि गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. आता त्याच खुर्चीत आई, लीलावती, बसली होती. तिनेही गोळ्या बंद केल्या होत्या. बाबा प्रेशरने गेलेच नाहीत, म्हणायची. बबनजींकडच्या त्यांच्या शेवटच्या मोजणीचा, एकशेअठ्ठावीसचा, कागद होता तिच्याकडे.

बबनजींनी सांगितल्यावर आईने डोळे मिटले. हात खुर्चीखाली लोंबत होता. एकशेबहात्तर. मस्तकस्पर्श झाला. मग ‘आशीर्वाद झेलायला’ बबनजींनी तो हात उचलून खुर्चीच्या डोक्यामागच्या उशीवर ठेवला. एकशेचौतीस. माणसं हरखली.

रचना मात्र आकडा सोडून हाताकडे बघत होती. बाबा तीस वर्षं पाण्याच्या पाइपलाइनवर इंजिनिअर होते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे, प्रेशर वाचण्याआधी गेज किती उंचीवर आहे ते बघा.

तिने पुढे होऊन यंत्राचं बटण दाबलं. डोक्याला कुणाचा हात नाही. मनगट खाली: एकशेसत्तर. उशीवर: एकशेबत्तीस. काळजाच्या उंचीला: एकशेबावन्न.

“हा तिसरा खरा, आई. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. खालच्या नळाला जोर जास्त, वरच्याला कमी.”

“यल्ला, चला, पुढचा नंबर,” बबनजी म्हणाले. आणि पुढचा नंबर उठलाही.

जिन्यात आईने विचारलं, “मग ह्यांना कसं नाही कळलं गं?”

“बाबांनाही डोळे मिटायला सांगितले होते ना.”

आईने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली.

प्रेशर मोजताना हात काळजाच्या उंचीला ठेवावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. आणि कुणी डोळे मिटायला सांगितले, तर नेमके तेव्हाच ते उघडे ठेवावेत.