अस्तरावर अस्तर

साल होतं एकोणीसशे एकसष्ट. त्या उन्हाळ्यात पलटणीच्या मैदानावर उभ्या उभ्या माणसं कोसळत होती, आणि सगळ्यांत आधी कोसळला तो शिडी.

शिडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण मानाच्या पहाऱ्यात त्याच्याएवढा उंच दुसरा कुणी नव्हता, आणि त्यात डोक्यावर ती हातभर उंच, अस्वलाच्या केसांची काळी टोपी. मग लोक दुसरं काय म्हणणार? दोनदा तो टोपीसकट आडवा झाला. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "पलटणीच्या वाढदिवसाच्या संचलनात पुन्हा पडलास, तर पहारा सोड आणि कोठाराच्या किल्ल्या सांभाळ." त्याचा बाप याच पहाऱ्यात, हीच टोपी घालून उभा राहिला होता. शिडी घरी आला, ताटावर बसला आणि घास न घेताच उठला.

त्याची बायको पलटणीच्याच शिवणखोलीत कामाला होती. नवऱ्याला तापही नव्हता, अशक्तपणाही नव्हता. माणसात खोट नाही म्हणजे टोपीत असणार, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ती टोप्यांच्या खोलीत गेली. तिथे टोपीमामा होते. टोप्या विंचरणं, वाळवणं, जपणं हे त्यांचं काम, आणि थट्टा हा जोडधंदा.

"मामा, ही टोपी इतकी उंच कशाला हो?"

"का? नवरा बुटका वाटायला लागला का?"

"सांगा ना."

मामांनी कंगवा खाली ठेवला. "पूर्वी शिपाई रुंद काठाच्या टोप्या घालायचे. मग हातगोळे आले. गोळा फेकायला हात वर नेला की काठाला अडायचा. टोपी तर पडायचीच, पण गोळा पायाशी पडला म्हणजे? म्हणून काठ गेला. पुढे कुणाच्या तरी मनात आलं, आडवी नाही तर उभी वाढवू. समोरच्याला राक्षस आल्यासारखं वाटेल."

"म्हणजे माणसाचा हात अडला म्हणून टोपी बदलली."

"हो."

"टोपीसाठी हात नाही तोडला कुणी."

मामा हसायचे थांबले. "तुझी जीभ म्हणजे कात्रीच आहे, सूनबाई. बोल, काय हवंय?"

"टोपीचे केस विस्कटलेत. घरी नेऊन नीट करते."

"जन्म गेला माझा टोप्यांमध्ये, आणि तू मलाच टोपी घालतेस?" पण त्यांनी ती काढून दिली. "एक ध्यानात ठेव. जुनं अस्तर काढायचं नाही. त्याच्यावरच नवं लावायचं. आधीच्या माणसाचा घाम असतो त्यात."

पलटणीचा रिवाजच होता तो. प्रत्येक शिपायाच्या घरची बाई आपल्या माणसासाठी नवं अस्तर शिवायची, आणि आधीचं तसंच आत राहायचं.

दुपारी तिने टोपी उलटी करून मांडीवर घेतली. सर्वांत वरचं अस्तर तिचं स्वतःचं; ते तिने उसवलं. खाली निळं कापड निघालं, बारीक, एकसारख्या टाक्यांचं. ते टाके ती ओळखत होती. घरातल्या उशांवर तेच होते. तिचा हात थांबला.

शेजारी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "काय गं ते?"

"काही नाही, आई. परत शिवून ठेवते."

"आण इकडे."

त्यांनी निळ्या कापडावरून बोटं फिरवली. "हे मी घातलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी." मग त्यांना एकदम हसू फुटलं. "अगं, या टोपीच्या माथ्याला भोकं होती, केसांत लपलेली. वारा सुटला की शिट्टी वाजायची! एकदा संचलनात सगळं चिडीचूप, आणि तुझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर शिट्टी. साहेब ओरडले, 'कोण रे तो वात्रट?' घरी आले ते तणतणत. म्हणाले, बुजव ती भोकं. मी बुजवली. दुहेरी कापड लावलं, पुन्हा वाजायलाच नको."

"म्हणजे डोक्याची वाफ आतच कोंडली. आणि मग ते पडायला लागले?"

सासूबाईंचं हसू तोंडावरच राहिलं. हातातली शेंग त्यांनी तशीच सुपात टाकली.

"पाय घसरला म्हणायचे," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटायचं, पिऊन पडतात. दिवस दिवस बोलायची नाही मी त्यांच्याशी."

मग त्यांनी हात पुढे केला. "कात्री दे."

"आई, रिवाज..."

"रिवाज माझ्या आधीच्या बायकांनी पाळला. भोकं मी बुजवली. दे म्हणते ना."

निळं अस्तर त्यांनी स्वतः उसवलं. खालच्या प्रत्येक अस्तराला नेमकी भोकांच्या जागी गोल काजं केलेली होती. टोपी खिडकीकडे धरली, तर आत उजेडाचे ठिपके पडले. मग दोघींनी मिळून नवं, पातळ अस्तर शिवलं, काजांसकट.

संचलनाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. शिडीच्या रांगेतला एक जण कोसळला. शिडी ताठ उभा होता. तेवढ्यात वारा सुटला आणि त्या शांततेत लांबलचक शिट्टी वाजली.

मोठे साहेब गर्रकन वळले, त्याच्यापुढे आले. "काय वाजतंय?"

"टोपी, साहेब."

"कुणाची टोपी?"

"बापाची, साहेब."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांच्या मिशा हलल्या. "वाजू दे," ते म्हणाले. "उभी तर आहे."

गर्दीत सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला होता. "तोच सूर गं," त्या म्हणाल्या. "अगदी तोच."

पुढे मामांनी सगळ्या टोप्यांची अस्तरं तपासून घेतली. म्हातारपणी ते ठार बहिरे झाले, तरी वारा सुटला की टोप्या ऐकू येतात म्हणायचे. मोठे साहेब बदलून दुसरीकडे गेले आणि ही युक्ती आपलीच म्हणून सांगत राहिले. शिडी डोकं पांढरं होईपर्यंत पहाऱ्यात उभा राहिला. मग आपण होऊन कोठाराच्या किल्ल्या मागून घेतल्या. सासूबाईंनी त्या निळ्या कापडाची उशीची खोळ केली, आणि शेवटपर्यंत दुसरी उशी घेतली नाही.

सून शिवणखोलीची मुख्य झाली. नंतर नकली केसांच्या, हलक्या टोप्या आल्या, भोकं तयारच असलेल्या. पहिली टोपी हातात पडली, तेव्हा खोलीत कुणी नाही असं बघून तिने ती तोंडाशी धरली आणि जोरात फुंकून पाहिलं. वाजली नाही.