कसालकडे बघणारा काटा

हे कुणी मानणार नाही, म्हणून मी शपथच घेत नाही. सन अठ्ठावन्नची दिवाळी सरली होती. मालवणात आमच्या पडवीत मचवेवाला गुरुदास येऊन बसला.

"गणपतकाकानू, उद्या मचवो रत्नागिरीक सुटतलो. माझां होकायंत्र द्या. त्याच्याशिवाय खडपांत फुटाक होयो काय?"

"देतंय रे. पण ता आता दर्यावर चलाचां नाय. आयक."

कसालला धोंडूची भातगिरणी. तेलाचं इंजिन सुरू करायचं तर चाकावरची खूण वर आणावी लागते. धोंडूचं धोतर एकदा चाकात गेलं, तेव्हापासून चाकाभोवती फळ्यांची पेटी, खूण दिसेना. मग दसऱ्याच्या सुमारास मी मोडक्या कर्ण्यातलं लोहचुंबक आसाच्या टोकाला आडवं चिकटवलं आणि समोर, पेटीबाहेर, गुरुदासचं होकायंत्र उभं टेकवलं. चाक वळेल तेवढा काटा वळे.

"मगे बरां झालां."

"खंयचां बरां!"

चुंबकाची कुठली बाजू खुणेकडे लावली, तेच आम्ही दोघं विसरलो. धोंडू म्हणे खूण वर, मी म्हणे खाली. पेटी उघडली तर खूण बाजूला! पुन्हा जुळवलं, पुन्हा चुकलं. शेवटी कळलं, माझ्या कमरेच्या आकडीला कोयता. मी वाकलो की काटा चाक सोडून माझ्याकडे बघे.

कोयता काढला, इंजिन सुटलं. दिवसभर चाकाबरोबर काटा गरगरला आणि त्याला भोवळ आली ती आलीच. तेव्हापासून त्याला उत्तर ठाऊक नाही. कुठंही ठेवा, तोंड कसालकडे.

गुरुदासने डोकं खाजवलं. "म्हणजे माझो मचवो कसालाक जातलो?"

"घाट चढाक लागलो तर माका सांगा नको."

तो उठला. एक हात पूर्वेला, कसालकडे, दुसरा रत्नागिरीकडे. स्वतःभोवती फिरला, हात बदलले, परत फिरला. "काटो हय बघता, तर माका थय... नाय, थयसून हय..." शेवटी तो हताश होऊन पायरीवर टेकला. "ऱ्हवांदे तुमकांच ता. मी मचवो सोडूचंय नाय."

तेवढ्यात दाराआडून माझी सून विमला चहा घेऊन बाहेर आली.

"मामंजीनू, कालच ह्या होकायंत्रान मागच्या पडवेत माझ्या नव्या चुलीचां तोंड पूर्वेक केल्यात ना? आज सूर्य उगवलो तो सरळ चुलीच्या तोंडार! काटो उत्तर सोडून पूर्वेक, कसालाक बघता तर चूल दक्षिणेक वळली असती. खोटां, मामंजीनू, सगळां खोटां! गुरुदासभावजी, होकायंत्र तांदळाच्या मडक्यार आसा, घेवन जावा!"