शब्दाबाहेर

धोंडपूरच्या नगरपालिकेत चंद्राबाईंना निवडून आणलं होतं ते हात वर करण्यासाठी. बाईमाणसाची एक जागा होती, ती रिकामी ठेवून चालत नव्हतं, म्हणून नगराध्यक्ष हंबीररावांनी त्यांना उभं केलं. निकाल लागला तसं सगळ्या सभासदांना जीपगाड्यांत कोंबून म्हसवडला नेलं आणि सिद्धनाथाच्या पुढ्यात एकेकाला बेलभंडारा उचलायला लावला. "हंबीररावांच्या शब्दाबाहेर जाणार न्हाई." चंद्राबाईंनीही उचलला. नाथ त्यांचं कुलदैवत. बाकीच्यांचं ठाऊक नाही, पण त्याच्यापुढं घेतलेली आण त्यांच्या लेखी पोरखेळ नव्हती.

तेव्हापासून कारभार सोपा झाला. दिवाबत्तीचा ठराव असो की बाजारकट्ट्याचा, हंबीरराव खाकरले की हात वर. कशासाठी वर गेला हे काहींना घरी गेल्यावर कळायचं, काहींना तेही नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या त्या सभेला मात्र चंद्राबाई घरातून निघाल्या त्याच जड पावलांनी. जुना ओव्हरसियर निवृत्त झाला होता आणि नवा नेमायचा होता. रस्ते, गटारं, शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, गावातलं सगळं बांधकाम ज्याच्या नजरेखालून जायचं तो हा माणूस. हंबीररावांनी त्या खुर्चीसाठी आपला मेहुणा ठरवला होता, नानासो.

नानासोचं काम गावानं बघितलं होतं. आदल्या साली खालच्या आळीतला हौद त्यानंच उभा केला. त्यात सिमेंट किती आणि माती किती, हे विचारत बसायची वेळच आली नाही. हौद पहिल्यांदा काठोकाठ भरला त्या सकाळीच भिंत फुगली आणि धुणं धुणाऱ्या बायकांवर आली. बाकीच्या पळाल्या. चंद्राबाईंची धाकटी जाऊ साळूबाई, तिचा पाय खाली सापडला. सांगलीच्या दवाखान्यात तो गुडघ्यापासून काढावा लागला.

हंबीरराव तिला बघायला आले होते. खाटेशेजारी उभं राहून, चारचौघांच्या देखत म्हणाले, "वैनी, ही भिंत ज्यानं बांधली त्याला या गावात परत विटेला हात लावू देणार न्हाई. माझा शब्द हाय." तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते, असं चंद्राबाईंना आजही वाटायचं. राग त्याचाच जास्त यायचा.

साळूबाई आज हट्टानं बरोबर आली. कुबडी टेकत पालिकेच्या पायरीपर्यंत पोचली आणि तिथंच बसली.

"आत चल की," चंद्राबाई म्हणाल्या.

"नगं. हितंच बरी हाय. दार एकच हाय, समदी हितनंच उतरतील. मला तोंडं बघायची हायती." मग म्हणाली, "आक्का, तुजा हात वर जाईल का गं?"

चंद्राबाईंनी तिची कुबडी पायरीशी नीट टेकवून ठेवली. नाथाची आण एका बाजूला आणि हा पाय दुसऱ्या बाजूला. त्या तशाच आत गेल्या.

आधी मुलाखतीचा देखावा झाला. कुपवाडकडून पायगोंडा पाटील म्हणून एक जण आला होता. तिकडं त्यानं कारखान्यांच्या शेडी उभारल्या होत्या, कागद सगळे जागच्या जागी. हंबीररावांनी त्याला एकच विचारलं, "तुमी कुणाचं?"

"बाबगोंडा पाटलांचा," तो म्हणाला.

सभासद हसले. विचारलं होतं गटाचं, गड्यानं बापाचं नाव सांगितलं. चंद्राबाईंना मात्र बरं वाटलं. बापाखेरीज कुणाचा नसलेला माणूस त्यांनी या खोलीत पहिल्यांदाच पाहिला होता.

पायगोंडाला बाहेर बसवलं. "तर मग नानासोंचं नाव सर्वानुमते," असं म्हणून हंबीरराव खाकरले.

हात वर गेले. एक गेला नाही.

"चंद्राबाई, हात."

"खालीच ऱ्हाईल त्यो."

"म्हसवड इसरला काय बाई? नाथापुढं भंडारा उचललाय तुमी. माज्या शब्दाबाहेर जाणार न्हाई म्हणून."

"इसरले न्हाई, म्हणून तर खाली ठेवलाय." चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा करायलाही विसरल्या. "तुमचा शब्द मी दवाखान्यात या कानांनी ऐकलाय. ज्यानं भिंत बांधली त्याला परत विटेला हात लावू देणार न्हाई. हाय का न्हाई त्यो तुमचा शब्द? मग मी त्याच्या आतच हाय. भाईर तुमी गेलायसा."

हंबीरराव परत एकदा खाकरले. शेजारी पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले भाऊसो बसले होते. त्यांनी आपल्या वर गेलेल्या हाताकडं पाहिलं आणि तो खाली घेतला.

"बाई बरुबर बोलत्यात," ते म्हणाले. "आण आमी बी तीच घेतलीया."

मग एकेक हात उतरू लागला. वर करायचं यांना शिकवावं लागलं होतं, खाली घ्यायचं कुणी शिकवलं नाही.

"आता पायगोंडाचं नाव घ्या," चंद्राबाई म्हणाल्या आणि स्वतःचा हात वर केला. या वेळी कुणी खाकरलं नव्हतं, तरी भाऊसोंचा गेला, पाठोपाठ आणखी गेले, ठराव होण्यापुरते झाले.

"नाथ बघून घेईल तुमास्नी," हंबीरराव हळूच म्हणाले.

"नाथाला मी तोंड दावीन. तुमी साळूला दावा."

सभा उठली. सभासद पायरी उतरून गेले, पायगोंडाही गेला. चंद्राबाई बाहेर येऊन जावेशेजारी बसल्या. घाई कुणालाच नव्हती. आत हंबीरराव एकटेच टेबलावरचे कागद आवरत होते, आवरलेले परत पसरत होते.