उसानं झिजलेले दात

मंद्रूपच्या गुरुशांतअप्पांच्या घराण्यात कुणी तोंड उघडून हसत नाही. तो पिढीजात भारदस्तपणा आहे, असं भिंतीवरचे फोटो सांगतात. खरं म्हणजे उघडलेल्या तोंडात दाखवण्यासारखं काही नसतं.

या घराण्यातल्या पुरुषांचे दात तिशीतच झिजतात, ते ऊस खाऊन. लेक दानेश्वरीचे दात मात्र शाळेत जायच्या वयातच तपकिरी, आखूड झाले, तेव्हा उसाचं नाव कुणी काढलं नाही. "पोटुशी असताना मिश्री लावलीस, त्याचं हे फळ!" अप्पांनी बायकोला, सावित्रम्माला, सुनावलं. तिनं मिश्रीची डबी त्याच दिवशी उकिरड्यावर फेकली. तेव्हापासून शेजारणीच्या तव्यावर तंबाखू भाजू लागला, की अंगण झाडता झाडता सावित्रम्मा कुंपणाशी थांबते. डोळे मिटून. बराच वेळ.

दानेश्वरीचं लग्न ठरलं. फोटोत एकदा तरी मोकळं हसायचं, एवढीच तिची हौस. म्हणून तिघं सोलापुरात दातांच्या डॉक्टर अक्षता यांच्याकडे आले.

अप्पांची मिश्रीची तक्रार ऐकून डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "दाताच्या मधोमध काळी पोकळी दिसायला हवी, नस असते तिथं. हिच्या प्रत्येक दातात ती बुजलीय. दात वर फुगीर, हिरडीपाशी बारीक. हे मिश्रीनं होत नाही. दात मुळातच असे घडलेत. हे रक्तातून येतं."

"अव्वाच्या, हिच्या आईच्या रक्तातनं न्हवं?" अप्पांनी आशेनं विचारलं.

डॉक्टरांनी सावित्रम्माचे दात पाहिले. धडधाकट. "आता तुम्ही आ करा."

"माजं उसानं झिजलंत की!"

"मग एक्स-रेत ऊस दिसेल."

ऊस दिसला नाही. उरलेल्या दोन दाढांत तीच बुजलेली पोकळी होती.

"अप्पा, आजोबांचं पण असंच?" दानेश्वरीनं विचारलं.

"व्हय. त्ये बी लई ऊस..." अप्पा मध्येच थांबले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "सावित्री, माजंच हाय गं हे! तुला उगंच बोल लावला."

नागरिकहो, लेकराच्या व्यंगासाठी आईला आरोपी करण्याआधी एक एक्स-रे काढावा. तेवढं होत नसेल, तर बापानं निदान आरशासमोर आ करावा!

दानेश्वरीच्या दातांना टोप्या बसवायचं ठरलं. सावित्रम्मा दारातून परत आली.

"डॉक्टरबाई, म्हंजे मिश्रीनं काय झालं न्हवतं?"

"दातांना नाही."

"मग आता लावू का?"

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर होतो."