चालकाच्या जागेवर

संग्रामने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते त्याच्या तळव्यांखाली आपोआप डावीकडे फिरलं. दाबायचं नाही, धरल्यासारखं फक्त दिसायला हवं, असं चाचणी सांभाळणाऱ्या वैभवीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"मॅडम, मला गाडी चालवता येत नाही," तेव्हा तो म्हणाला होता.

"बिल्कुल उत्तम. येत असती तर मध्येच ब्रेक मारला असतास."

ट्रक स्वतःच चालत होता. नोएडातल्या गोदामांच्या खासगी रस्त्यावर त्याची चाचणी सुरू होती. वैभवी मागच्या कारमधून, केबिनमधल्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवून असे. शेजारच्या सोसायटीतली मुलं शाळेला जाताना हाच रस्ता ओलांडत. सुरुवातीला रिकामी सीट पाहून लोकांनी चाचणी बंद पाडली होती. मग कंपनीने सीटवर माणूस बसवला आणि तक्रारी थांबल्या. यूपीएससीची पूर्वपरीक्षा पुन्हा हुकलेल्या संग्रामला दिल्लीत टिकायचं तर ही नोकरी हवीच होती.

वळणावर ट्रक थांबला. कडेला नातीसोबत कुमुदिनी उभ्या होत्या, सोसायटीच्या सेक्रेटरी. विरोधात सगळ्यात पुढे त्याच होत्या. त्यांनी वर पाहिलं, संग्रामने मान हलवली, तेव्हा त्या निघाल्या.

"अगं, दप्तर सावर," त्या नातीला म्हणाल्या.

"सावकाश जा, काकू," त्याच्या तोंडून निघून गेलं.

त्या खिडकीखाली थांबल्या.

"मराठी? कुठले तुम्ही?"

"तासगावचा."

"अच्छा. आम्ही मिरजेचे. उद्यापासून हिला एकटीला पाठवते. तुम्ही आहात, आता काळजी नाही."

दुपारी त्याने हे वैभवीला सांगितलं.

"काकूंना खरं सांगू या का?"

"काय सांगणार? ट्रक थांबतोच ना? तुझ्यापेक्षा लवकर थांबतो, यार."

"त्या माझ्या भरवशावर पाठवताहेत."

"मग झालं तर. त्यासाठीच तर तू आहेस."

तिचं चूक नव्हतं. ट्रक आजवर एकदाही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वळण दिसताच संग्रामने हात उचलले आणि पुढच्या काचेला टेकवले, तळवे बाहेरच्या बाजूला. ट्रक वळला. फोनवर वैभवीचं नाव चमकू लागलं. त्याने तो घेतला नाही.

नात रस्त्याच्या कडेला पोचली होती. सोसायटीच्या फाटकातून पाहत असलेल्या कुमुदिनींना चालत्या ट्रकच्या काचेवर ते तळवे दिसले. त्या झपाट्याने पुढे आल्या आणि त्यांनी नातीचा हात धरला.

ट्रक रेषेवर अलगद थांबला.

रस्ता मोकळा होता. त्या ओलांडत नव्हत्या. ट्रकही त्यांची वाट पाहत उभा राहिला.