लाखेच्या सहा तबकड्या

“साहेब, आता जे सांगून राह्यलो ना, ते तुमी मानणार नाई. माही बायकोच मानत नाई, अन् झालं तिच्याच अंगावर!”

पोंभुर्ण्याच्या बंगल्याच्या ओसरीत वारलू एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक छातीशी धरून उभा होता. त्याची पानं म्हणजे पाकिटं. आठवड्यापूर्वी त्यांत ग्रामोफोनच्या सहा तबकड्या होत्या, जुन्या इंग्रजी सिनेमांचं निवडक संगीत, खरखर काढून नव्यानं छापलेलं. जंगलखात्याच्या साहेबांनी मुंबईहून मागवलेलं. त्यातली एक चिरली, तेव्हा साहेब म्हणाले होते, “तबकडी लाखेचीच असते, वारलू, आणि लाख तुझ्या हातातली. सांधून दे. वाजली तर यंदा कुसुमाच्या चाळीस झाडांची लाख तूच काढायची.” तपासतो म्हणून वारलूनं सहाही नेल्या.

आज पाकिटं रिकामी होती. त्या चाळीस झाडांच्या परवान्याचा कागद टेबलावर, सहीविना.

“कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“अस्वलीच्या अंगात, साहेब.”

वारलू सांगू लागला. वैशाखातली भर दुपार. त्याच्या डोक्यावर टोपली, टोपलीत सांधलेल्या तबकडीसकट सहाही उघड्या, आणि मागून बायको गुणाबाई. मोहाच्या बुंध्याआडून अस्वल सुटली ती थेट बाईवर. एका पंज्यात डोक्याची कातडी केसांसकट कपाळावर लोंबली. वारलूची कुऱ्हाड घरी. हाती लागली ती पहिली तबकडी त्यानं भिरकावली. अस्वलीचा कान साफ उडाला, पळसाच्या फांदीवर जाऊन अडकला.

“कोणती होती ती?”

“घोडे धावते ते.”

“अरेरे!” साहेब कळवळले.

दुसरीनं नाक कापलं. तिसरी अस्वलीनं जबड्यात धरली न् चावली. काचेसारख्या कपच्या जिभेत रुतल्या, रक्ताची गुळणी गुणाबाईच्या तोंडावर. चौथीनं पोट उसवलं. स्वतःच्याच आतड्यांत पाय गुंतवत ती वारलूवर आली. पाचवी हुकली, सागाच्या खोडात वीतभर घुसली.

“अन् सहावी?”

“सांधलेली. तीच कामास आली, साहेब. मानेतून आरपार! मुंडकं गडगडत नाल्यात गेलं, अन् उघड्या तोंडातून बाजा वाजून राह्यला. तलवारी खणखणते ना, तो. सांधा पक्का होता म्हणून वाजला!”

साहेबांनी चष्मा पुसला. “बाई कशी आहे?”

“माहेरी, आरमोरीले. जगन ती.”

“तबकड्या गेल्या त्या गेल्या. माणूस वाचलं.” साहेबांनी कागद ओढला, टाक दौतीत बुडवला.

पायरीवर कासारीण बुधरी साहेबांच्या बायकोला बांगड्या भरत होती. तिनं हात थांबवला.

“वारलूभाऊ, दुपार वैशाखातली म्हनलं ना?”

“हो.”

“टोपली उघडी?”

“हो ना बाई, काऊन?”

बुधरीनं मांडीवरचं ओलं फडकं उलगडलं. आत लाखेच्या बांगड्या. “मी पहाटे निघते, ओल्यात गुंडाळून आनते, तरी दोन-चार एकमेकीले चिकटतेच. अन् तुह्या तबकड्या भर उन्हात कुऱ्हाडीवानी कापत होत्या? लबाडा, अस्वल-फस्वल काई नाई! उन्हात ठेवल्या न् वितळून टोपलीत थापीवानी बसल्या तुह्या!”